नेहाचा डावा हात

आमच्या बास्केटबॉल संघाने नव्या मोसमासाठी नेहाला निवडलं, आणि ही निवड चुकली असं एका वार्ताहर बाईंनी पेपरात लिहिलं. आम्ही चाहते ग्रुपवर त्यांच्यावर तुटून पडलो. ‘यांनी कधी चेंडू तरी हातात धरलाय का?’ असं मीही लिहिलं आणि त्यावर आलेल्या हसऱ्या चेहऱ्यांनी सुखावलो.

दुसऱ्या दिवशी मी संघाचा सराव बघायला गेलो, तर त्या बाई मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. नेहा घाम पुसत त्यांच्याकडे गेली.

“मॅडम, माझा डावा हात कच्चा आहे, हे बरोबर लिहिलंत. आज बघाल का जरा?”

माझी कानशिलं तापली. जिच्यासाठी भांडलो, तिचा खेळ मी कधी नीट पाहिलाच नव्हता. आणि लेखाचा तर फक्त मथळा वाचला होता.