संकष्टीच्या दुपारची मी

“इन्शुलिनोमा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला चक्क हसू आलं. वर्षभर घरात माझ्या स्वभावाची चर्चा चालू होती, आणि या त्याला वैद्यकीय नाव देत होत्या.

इन्शुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडात इन्शुलिन करणाऱ्या पेशींची गाठ. पोट रिकामं असलं की या पेशी एरवी गप्प बसतात. माझी गाठ मात्र रक्तातली साखर तळाला गेली तरी इन्शुलिन सोडतच राहायची. आणि साखर मिळाली नाही की मेंदू भलतंच बरळायला लागतो.

तुमच्या घरी असं कुणाचं होत असेल तर नीट ऐका. बेळगावला माहेरी होते तेव्हापासून मी संकष्टी निर्जळी करते. गेल्या वर्षापासून त्या दिवशी दुपारी घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि जीभ सुटायची. एकदा सुनेला, मेघाला, म्हणाले, “तू आलीस आणि या घराची रया गेली.” मला यातलं अक्षर आठवत नाही. ह्यांनी नंतर सांगितलं.

ह्यांना वाटायचं, उपवास बाधतोय. उपवास मोडला तर मोडला म्हणून ते आधी मला गूळपाणी पाजायचे आणि मग घरच्या मशीनवर साखर बघायचे. ती नॉर्मलच येणार की हो!

पुढच्या संकष्टीला मेघाने ह्यांच्या हातातला पेला बाजूला ठेवला आणि आधी माझं बोट टोचलं. साखर अडतीस. सत्तरच्या खाली गेली तरी काळजी करतात.

मग हॉस्पिटलात देखरेखीखाली बहात्तर तासांचा उपवास. म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. “अजून स्वल्प, अक्का,” थोडंच राहिलं म्हणून कानडी नर्स धीर देत होती. अठराव्या तासाला मी आडवी; साखर तळाला, रक्तात इन्शुलिन मात्र भरपूर.

एवढं होऊन साध्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसेना. पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा. जेवण आलं की आतड्यातून जीएलपी-वन नावाचा निरोप जातो, इन्शुलिन सोडा म्हणून. माझ्या गाठीवर या जागा खच्चून भरलेल्या. त्याच निरोपासारखं, किंचित किरणोत्सर्गी औषध टोचलं. ते गाठीला जाऊन चिकटलं आणि पडद्यावर हरभऱ्याएवढा ठिपका उजळला.

ऑपरेशन झालं. साखर त्याच दिवशी ताळ्यावर आली. डॉक्टरबाईंनी घरच्यांना सांगितलं, ते बोलणं आजाराचं होतं, त्यांचं नव्हे. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटेना.

के. आर. पुरमला आमच्या घरी परत आल्यावर दोघीच असताना मेघाला म्हणाले, “गाठ होती हे खरं. पण ते मनात कुठेतरी होतंच, गं. माझं चुकलं.”



“मला ठाऊक होतं, आई,” ती म्हणाली. “पण त्या संकष्टीला तुमचे हात गार पडले होते.”

मी आज हे लिहायला आहे ती या पोरीमुळे. तिच्या जागी मी असते, तर बोट टोचलं असतं का, सांगता येत नाही.