मंदा सिस्टरचा मांजरपाटी पट्टा

मी रंगूबाई. भिवंडीतल्या एका लहान हॉस्पिटलात सत्तर सालापासून आया होते, तेव्हा पुरुषांची शेखी म्हणजे काय ते मला शिकवू नका. कुशीवर वळता येत नाही, पण मिशीला पीळ कायम!

मंदा सिस्टर आमची. बुटकी, आवाज इवलासा, कामतघरच्या चाळीतून पायी ड्युटीला यायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती एकदम उभं करायचीच नाही. आधी पाय खाली सोडून बसवायची, नाडी बघायची, अंधारी येते का विचारायची. फरशीवर थेंबभर पाणी दिसलं की माझी खरडपट्टी. मग पेशंटच्या कमरेला मांजरपाटाचा चार पदरी पट्टा बांधायची, आणि मागून तो मुठीत धरून चालवायची. पट्टा तिनंच शिवलेला. डॉक्टर हसायचे, "काय हे बाळंतिणीचे लाड!" म्हणायचे. त्यांचं काय जातंय, पडलेल्याला उचलायला आम्हीच.

चौऱ्याहत्तर साली शेलार गावचा लडकू आला. गवताच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. सात आठवडे पायाला वजन टांगून ठेवलं होतं. हाड जुळलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आता पडलास तर पाय जन्माचा गेला." घरात नांगर धरणारा हा एकटा. एकच मुलगी, ती सासरी.

पहिल्या दिवशी पट्टा बघूनच भडकला. "मी काय बैल हाय, दावं बांधायला?"

"दादा, पट्टा नाही तर उभं राहणंही नाही," सिस्टर म्हणाली.

मग काय करतो? सकाळी गुपचूप बांधून घ्यायचा, कुबड्यांवर आठ-दहा पावलं टाकायचा. चार वाजता भेटायला माणसं यायची वेळ झाली, की पट्टा सोडून उशीखाली. वा रे वाघ!

एका गुरुवारी त्याचे व्याही आले. सावळाराम, मुलीचे सासरे. खुर्चीत बसून त्यांनी एवढंच विचारलं, "काय व्याही, चालता येतं का न्हाय?" झालं! याच्या अंगात आलं. व्याह्यापुढे कमरेला पट्टा, आणि तो धरणार एक बाई? छे! कुबड्या ओढल्या आणि पडल्या जागेवरून ताडकन उभा राहिला. "हे बघा!"

बघितलं आम्ही. तोंड पांढरंफटक, डोळे फिरलेले. मी किंचाळले. सिस्टर औषधं वाटत होती, ती ट्रे टाकून धावली. धरायला पट्टा कुठला? सरळ त्याच्या अंगाखाली शिरली, आणि दोघं भिंतीला घासत खाली आले. तो तिच्या मांडीवर, आणि तिचं डावं मनगट त्याच्या खाली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

त्याच्या पायाला ओरखडासुद्धा नाही. तिचा हात मात्र प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर निघाल्यावरही मूठ कधी नीट वळली नाही. मूठ वळत नाही तिनं पेशंट कसा सांभाळायचा? डॉक्टरांनी तिला हात प्लास्टरमध्ये असतानाच केस पेपर लिहायच्या खिडकीत बसवलं होतं, ते कायमचं.

लडकू घरी निघाला तेव्हा ती प्लास्टरचा हात गळ्यात बांधून तिथेच लिहीत होती. व्याही न्यायला आलेले. खिडकीपाशी थांबून, पाच माणसांदेखत म्हणतो कसा, "सिस्टर, त्या दिवशी मी व्हतो म्हणून थोडक्यात निभावलं तुझं. जरा जपून चालत जा." सावळारामांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तरी त्यांनी मान डोलावली. व्याही ना!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरनं माझा पदर ओढला.

"बरं दादा," ती त्याला म्हणाली.

आणि गेला मेला ताठ मानेनं पायऱ्या उतरून, स्वतःच्या दोन पायांवर.