बूड पाहणारा माणूस

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करत. भांडं असो, घंटा असो, कार्यालयातला नवा स्टूल असो. बुडाकडे नीट पाहून झालं की विचारत, "काम काय याचं?"

समोरचा म्हणे, "पितळेचं आहे जी, बाबूजी."

"कायचं आहे ते मले दिसून राहिलं. काम काय?"

भंडाऱ्यात पितळी भांडी घडवणाऱ्यांची एक सहकारी सोसायटी होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे टंकलेखक म्हणून लागलो आणि बाबूजींच्या शेजारच्या टेबलावर बसलो. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद ते करत. प्रत्येक वस्तू जकातीच्या कुठल्या वर्गात बसते, ती बाहेर पाठवायला परवानगी लागते की नाही, हे ठरवून लिहायचं. तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या गोदीत एका एजंटाकडे ते हेच काम शिकले होते. आई आजारी पडल्यावर गावी परतले. शहापूरहून रोज सायकलने येत. टॅरिफचं जाडजूड पुस्तक कॅरिअरला बांधलेलं असे. पोटच्या पोरासारखं ते घरी घेऊन जात आणि सकाळी परत आणत.

त्यांच्यासारखी माणसं तुम्हीही कचेऱ्यांमध्ये पाहिली असतील. त्यांच्याशिवाय काही अडत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि ते रजेवर गेले की सगळंच अडतं. बैलाच्या गळ्यातली घंटा आणि देवळातली घंटा एकाच कागदावर चालतात, पण झांज वाद्यांत जाते, हे त्यांच्याकडून कळलं. एकदा परदेशी व्यापाऱ्याचं पत्र आलं की, तुमची गंगाळं छान आहेत, आमच्याकडे त्यात छत्र्या ठेवतात. सचिव म्हणाले, "मंग छत्रीचं भांडं म्हणून लिहा न."

"तिकडं त्याच्यात छत्र्या ठेवोत का कुत्रं बसवोत," ते म्हणाले. "इथून निघते तवा ते पाण्याचं भांडं होय. मी तेच लिहीन."

मी तेव्हा पत्रकांवर वाढलेला पोरगा होतो. दर महिन्याला एखादा अन्याय सापडे आणि मी तो सायक्लोस्टाइल करून गावभर वाटे. ते मला 'पत्रकवाले' म्हणत.

माल पाहायला ते कारागिरांच्या घरी जात तेव्हा मी वही धरायला सोबत असे. गणपतकाकांचा कारखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पडवी. काकू पाणी आणत. मला पितळी गडव्यातून, म्हणजे तांब्यातून, पेल्यात ओतून. बाबूजींना काचेच्या ग्लासात. तो ग्लास बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला होता आणि ही गोष्ट त्या घराला माहीत होती. ज्या घरातून पितळेची भांडी बोटीने साता समुद्रापार जात, त्या घरातलं पितळ या माणसाच्या ओठांपर्यंत पोचत नव्हतं.

एकदा परतताना मी म्हणालो, "तुम्ही पिताच काहून ते पाणी? फेकून द्या एकदा."

"तहान लागली होती."

"ते उत्तर झालं का?"

"पुढच्या वेळी तुम्ही फेका. मी पायतो." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

मी काही फेकलं नाही, हे इथे कबूल करतो.

मग ते दोनशे गडव्यांचं प्रकरण झालं. गणपतकाकांना वर्षातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं, दोनशे गडवे. माल मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांत तिथल्या कस्टमचं पत्र आलं. हे गडवे शंभर वर्षांहून जुने दिसतात, पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, माल अडवला आहे, खुलासा करावा.

कारण साधं होतं. काकांच्या घराण्याची रीत अशी की पणजोबांनी कारखाना काढला तेव्हा घडवलेला ठसा, त्यांचं नाव आणि ते साल, प्रत्येक भांड्याच्या बुडावर उमटवायचा. ठशाशिवाय भांडं उंबरा ओलांडत नसे. कालचं भांडंही पणजोबांच्या सालाचं.

सगळे हसले. काका हसले नाहीत. "मले मूर्तीचोर ठरवून राहिले का, बाबूजी?"

ते शांतपणे म्हणाले, "पत्र चूक नाही, काका. बुडावर जे लिवलं ते त्यानं वाचलं. ठसा घेऊन तुमालेच यावं लागन."

एका म्हाताऱ्या कारागिराला आरोपीसारखं मुंबईला नेणार! मला राहवलं नाही. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. त्यात 'कागदाचा गुलाम' असे शब्द होते. नाव नव्हतं, पण भंडाऱ्यात सायकलवर टॅरिफचं पुस्तक बांधून फिरणारा दुसरा कोण होता?

दुसऱ्या दिवशी पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी ते वाचलं. मग सवयीने उलटं केलं.

"मागं कोरं आहे," ते म्हणाले. "कच्च्या कामाले बरं."

आणि त्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खुलाशाचा मसुदा लिहायला घेतला. तो संपल्यावर म्हणाले, "तुमी बी चाला मुंबईले. पुढचं पत्रक डोळ्यानं पाहून लिवा."

गोदीतल्या गोदामात पेट्या उघडल्या. काकांनी धोतराच्या सोग्यातून ठसा काढला, पितळेचा कोरा पत्रा फरशीवर ठेवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. पणजोबांचं नाव आणि साल, झळझळीत. अधिकारी तरुण होता. तो हसला, खिशातून पेन काढलं.

तेवढ्या वेळात आमचे बाबूजी मागे एकेक गडवा उलटा करून पाहत होते. एका गडव्यापाशी ते थांबले. अंगठा बुडावरून फिरवला. परत फिरवला.

"काका," ते हळू म्हणाले, "हा या पेटीतला नाही."

काकांचा चेहरा उतरला. "पेट्या भरायच्या दिवशी एकाले चीर गेली होती, बाबूजी. दोनशे कबूल केले होते. एकच कमी होता तं घरातला घासून टाकला. चिंच लावून लावून घासला, कोणाले समजते?"

"कोणाच्या वेळचा?"

"बुढ्याच्या. पणजोबाच्या हातचा."

म्हणजे दोनशे गडव्यांतला तो एकच खरोखर जुना होता. अधिकाऱ्याचं पेन कागदावर टेकलं होतं. मी बाबूजींच्या कानाशी म्हणालो, "चूप राहा. सही होऊन राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गडवा घेऊन ते टेबलापाशी गेले. "साहेब, हा एक जुना आहे. चुकीनं आला. हा आम्ही काढून घेतो."

अधिकाऱ्याने पेन उचललं. "एक जुना निघाला. मग बाकीचे नवे कशावरून?"

काकांनी ठसा परत सोग्यात खोचला. मला त्या क्षणी बाबूजींचा इतका राग आला होता की दुसरं पत्रक तिथेच डोक्यात तयार झालं.

त्यांनी एक नवा गडवा आणला आणि दोन्ही शेजारी पालथे ठेवले. "हात फिरवा, साहेब. नव्याच्या बुडावर खरादीच्या, चाकावर तासल्याच्या, रेघा हाताले लागतात. याच्या गेल्या. बाया घासतात राखेनं, ठेवतात, उचलतात. शंभर वर्ष. चिंचेनं चमक येते, रेघा नाही येत."

अधिकाऱ्याने अंगठा फिरवला. मग तिसऱ्या गडव्यावर, मग चौथ्यावर. सगळे पाहीन म्हणाला. दोन दिवस लागले. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तोही हातात काही आलं की आधी उलटं करू लागला होता. एकशे नव्याण्णव सुटले. काढून घेतलेल्या एका गडव्याच्या कागदावर कारणाच्या रकान्यात आमच्या बाबूजींनी लिहिलं: घरगुती भांडे, वापरातले. निर्यातीसाठी नाही.

परतीच्या गाडीत काका गडवा मांडीवर धरून बसले होते. नागपूर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता वाटते, गेला असता तं घरातलं पाणी गेलं असतं."

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्यांच्या पडवीत गेलो, नवा माल पाहायला. काकू आत गेल्या. कोनाड्याकडे कोणी वळलं नाही. काका स्वतः बाहेर आले, हातात तो गडवा, भरलेला. पेला नव्हता. त्यांनी गडवाच पुढे केला.

बाबूजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले. आणि रिकामा झाल्यावर, सवय जाते थोडीच, उलटा केला.

"आता काय पायता, बाबूजी?" काका म्हणाले.

"काही नाही," ते म्हणाले. "काम पायतो."

मी त्या दिवशी घरी जाऊन पत्रकांचा गठ्ठा काढला. त्यांच्याबद्दलचं एक तेवढं फाडलं. बाकीची अजून आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर मी आजही सही करीन.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात बाबूजी गेले. शहापूरच्या घरी गेलो तेव्हा सायकल भिंतीला टेकलेली होती. कॅरिअरवर दोरी तशीच, पुस्तक नव्हतं. ते सोसायटीने परत नेलं होतं.

गणपतकाकांच्या घरी मी अजून जातो. कोनाड्यातल्या काचेच्या ग्लासात आता उदबत्त्या असतात. गडवा माजघरात, सगळ्यांच्या हातातला. घरातल्या बाया तो राखेने घासून पालथा ठेवतात. परवा मी बुडावर अंगठा फिरवला. पणजोबांचं नाव अर्धं लागतं. साल पार झिजलंय.