आवाज बंद करणारा शेजारी

यंदा मी हजारभर सिनेमे पाहिले असतील, पण एकाचाही शेवट धड कळला नाही. सगळे पाहिले गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या झरीतल्या माझ्या शेजाऱ्याच्या अंगणात. भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून त्याने टीव्ही बाहेरच मांडलाय. सिनेमात तोफ धडाडली की हा टीव्हीचा आवाज बंद करतो, जमिनीला तळहात लावतो आणि विचारतो, "भाऊ, हा त्यांचा की आपला?"

परवा संध्याकाळी त्याने आवाज बंद केला, तरी कौलं वाजतच राहिली. मी एका उडीत गुजरातेत पोचलो म्हणा ना! वळून पाहिलं, तर तो घरात शिरत होता. आत त्याची अंथरुणाला खिळलेली आई होती. मागची भिंत धाडकन कोसळली.

धुळीतून तो आला, आईला पाठुंगळीला घेऊन.

"काय पडलं रे?" म्हातारीने विचारलं.

"टीव्हीतलं घर, आय," तो म्हणाला आणि त्याने डोळ्यांनीच मला गप्प केलं.