वास मेला की जोडायचं

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. खाकरणं थांबलं, दिवे विझले, आणि पडदा वर जातो. समोर एक खोली. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, जुने सेट रचून ठेवतात त्या गोदामाला लागून. मधोमध जाडजूड टेबल, त्यावर एक खुर्ची उताणी पडलेली, रेक्झिनला भोक पडून आतला स्पंज बाहेर डोकावतोय. वर एकच बल्ब. आणि त्या खुर्चीवर वाकून, डोळे मिटून, नाक जवळजवळ टेकवून उभा असलेला एक शिडशिडीत माणूस. लांबून वाटावं, खुर्चीच्या कानात काहीतरी गुपित सांगतोय.

हे आमचे ठिगळमास्तर. फाटलेलं रेक्झिन आणि कातडं चिकटवून पुन्हा धड करणं हा त्यांचा धंदा. नाट्यगृहाच्या खुर्च्या, आमच्या कंपनीच्या ट्रंका, राजाचं सिंहासन, शिपायांचे पट्टे, दवाखान्यातली बाकं, स्कूटरच्या सीटा, जे जे फाटतं ते सगळं त्या टेबलावर यायचं. मी रंगमंचावर राण्या झाले, मोलकरणी झाले, मरून पुन्हा टाळ्या घ्यायला उठले. पण त्या खोलीत स्टुलावर बसून मास्तरांचं काम बघण्यात जी रंगत होती, तिला तिकीट नव्हतं.

भोकाच्या कडेचे सुटलेले दोरे ते आधी कापून काढत. मग साबणाच्या पाण्याने पुसत. माणसांच्या पाठीचं तेल रेक्झिनवर बसलेलं असतं, ते निघालं नाही तर काही धरत नाही. मग भोकापेक्षा मोठं कापडाचं ठिगळ चपट्या सुरीने आत सरकवायचं. ठिगळाला सोल्यूशन, रेक्झिनच्या आतल्या अंगालाही सोल्यूशन, आणि थांबायचं. सगळी मेख या थांबण्यात होती. ओलं असताना दाबलं तर ठिगळ घसरतं, फार सुकलं तर धरतच नाही. ती मधली वेळ मास्तर नाकाने ओळखत. सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास हळूहळू बसत जातो, तो मेला की जोडायचं. "वास मेला," असं पुटपुटून ते अंगठ्याने दाबत, आणि वरून रंगाचे पातळ थर देऊन पोत असा उमटवत, की शोधा म्हटलं तरी भोक सापडू नये.

त्याच वासाने त्यांचा स्वतःचा संसार मात्र उसवला होता.

मास्तर आणि त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, त्या खोलीच्या माळ्यावर राहायची. वहिनींना आधी खोकला लागला, मग धाप. जिना चढताना मध्येच बसायच्या आणि "पायऱ्या मोजतेय," असं सांगायच्या. शेवटी डॉक्टरांनी रोखठोक सांगितलं, "एक तर घरात हा वास राहील, नाही तर या राहतील." वहिनी लेकीकडे गेल्या, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गावी. मास्तर मागे राहिले. कुणी म्हणालं, तुम्हीही जा, तर म्हणायचे, "जाऊन करू काय? जावयाच्या दारात बसून माश्या मारू? मला दुसरं येतं काय?" बोलताना हात चालूच असायचे. पण संध्याकाळी शटर ओढल्यावर ते लगेच माळ्यावर जात नसत. आमची तालीम चालू असेल तर शेवटच्या रांगेत येऊन बसत. नाटकात त्यांना काडीचा रस नव्हता. माणसांचे आवाज कानावर पडावेत, एवढंच.

एकदा त्या गावी आमचा प्रयोग लागला, तेव्हा मी मास्तरांना कंपनीच्या बसमधून नेलं. ड्रायव्हरने त्यांना मागच्या खिडकीशी बसवलं आणि खिडकी उघडी ठेवायला लावली. अंगावर धुतलेला सदरा होता, हात लिंबाने घासून लालबुंद झाले होते.

लेकीच्या घरापुढे एक लांबलचक बाक होतं. वहिनी बाहेर आल्या. या नाही, बसा नाही. त्यांनी बोट ओलं केलं आणि हवेत धरलं.

"वारा बघतेय," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "हं. तुम्ही त्या टोकाला."

मास्तर मुकाट त्या टोकाला बसले. वहिनी या टोकाला. मधल्या मोकळ्या जागेत मी आणि चहाचे पेले.

"काय हो, बाजारातली लिंबं संपवलीत वाटतं?"

"येतोय का वास?"

"बस कोपऱ्यावर थांबली तेव्हाच कळलं, स्वारी आली. तेव्हाच चहात पाणी वाढवलं."

"थट्टा नको करू. चांगला तासभर घासलेत हात."

"अहो, फोनवरसुद्धा येतो तुमचा वास. तुम्हीच सांगा यांना बाई, बोलताना फोन जरा लांब धरा म्हणावं!"

तेवढ्यात वहिनींना खोकल्याची उबळ आली. वारा फिरला होता. मास्तर उठले, बाकाला वळसा घालून वहिनींच्या टोकाला गेले, वहिनी त्यांच्या टोकाला सरकल्या. दोघांनी हे न बोलता केलं. इतक्या वेळा केलं होतं की आमच्या तालमीतही कुणाच्या हालचाली इतक्या बसलेल्या नसायच्या.

"आत काय शिजतंय, ओळखा बघू," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी नाक वर करून हुंगलं. "डाळ?"

आत भाजी करपत होती. मला बसल्या जागी कळत होतं. वहिनी हसल्या, "नाकावर पोट चालतं म्हणे यांचं!" असं म्हणत भाजी उतरवायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

"पाठीला तेल लावता ना?"

"हात पोचत नाही."

"मग कुणाला तरी सांगायचं."

"कुणाला सांगू?"

मी उगाच पेले गोळा केले.

निघताना वहिनींनी नातीच्या दप्तरातली डिंकाची छोटी बाटली आणून मधल्या जागेत ठेवली. "हे बघा. कागद चिकटतो आणि वास म्हणून नाही. तुमच्या रेक्झिनला असलं काही मिळत नाही का?"

"अगं, हा पोराटोरांचा खेळ."

"विचारायला काय जातंय? नाक घेऊन सगळीकडे जाता, आता तोंडही घेऊन जा."

परतीच्या वाटेत मास्तर ती बाटली मुठीत धरून बसले होते. आणि विचारल्यावर असं काही निघालंही. दुकानदाराने एक डबा काढून दिला, आत पांढरंशुभ्र, पाण्यातलं, बिनवासाचं चिकटवण. मास्तरांनी त्याला नाव ठेवलं दूध. नेमक्या त्याच सुमाराला नाट्यगृहाच्या खुर्च्या दुरुस्त करायच्या निघाल्या, हंगाम सुरू व्हायच्या आत.

"बाई, या खुर्च्या दुधावर टिकल्या ना, तर सोल्यूशनचा डबा कायमचा बाहेर. खोलीला चुना देतो, माळ्यावर नवी गादी टाकतो, आणि तिला घेऊन येतो."

"आणि नाही टिकल्या तर?"

"तर बाक आहेच."

पहिली खुर्ची पुढच्या रांगेतली. मास्तरांनी ठिगळ सरकवलं, दूध लावलं, वाकून हुंगलं. वास नव्हता. वास मुळातच नव्हता! पण नाकाची आयुष्यभराची सवय. नाक म्हणालं मेला, अंगठ्याने दाबलं, वरून ताबडतोब रंग चढला. दुसऱ्या दिवशी तालमीला नाट्यगृहाचे मॅनेजर, देह भारदस्त, विजार नवी, त्याच खुर्चीत बसले. पहिला अंक संपल्यावर उठले ते ठिगळ घेऊनच. आख्खी कंपनी पोट धरून हसली.

"मास्तर," मॅनेजर मागे हात लावत म्हणाले, "ठिगळ खुर्चीला लावायचं होतं. माझं अजून शाबूत आहे!"

मग हसू आवरून त्यांनी बजावलं, "हे नवे चाळे पुरेत. जुनं सोल्यूशन लावा आणि मोकळे व्हा. नाही तर मी दुसरा माणूस बघतो."

मी मागे खोलीत गेले तेव्हा मास्तर टेबलाशी बसून होते. समोर सोल्यूशनचा डबा, झाकण अर्धं उघडलेलं.

"नाकाने दगा दिला हो, बाई. वास मेला की जोडायचं, हे मला येतं. पण जो जन्माला मेलेलाच आला, तो केव्हा मेला हे कसं ओळखायचं?"

जुनं लावलं असतं तर एका दुपारीत अर्धी रांग उरकली असती, कुणी बोट दाखवलं नसतं. मास्तर झाकणाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते हाताच्या टाचेने ठोकून घट्ट बसवलं, आणि फुटक्या तसबिरीची एक काच शोधून काढली.

"तुमच्याकडे छापील कागद आहे का? बारीक अक्षराचा?"

पर्समध्ये माझ्या एका जुन्या भूमिकेचं पान होतं. त्यांनी ते काचेखाली सरकवलं, काचेवर दुधाचा थर दिला, आणि त्याच क्षणी तेवढंच दूध ठिगळालाही लावलं. माझे संवाद पांढऱ्याखाली गडप झाले. आम्ही दोघं टक लावून बसलो. दूध आधी निळसर झालं, मग कडेकडेने पारदर्शक व्हायला लागलं. एकेक अक्षर धुक्यातून माणूस यावा तसं वर आलं. मास्तर बोट ठेवून वाचू लागले, "दू... दूर... दूर हो... दूर हो, मेल्या!" आणि माझ्याकडे बघितलं. "हे मला की नटाला?"

"नटाला हो!"

"मग जोडतो." आणि अंगठ्याने दाबलं.

ते ठिगळ त्यांनी दुसऱ्या दिवशी नखाने ओढून पाहिलं, पकडीने ओढून पाहिलं. हललं नाही. सगळ्या खुर्च्या त्यांनी अशाच केल्या, प्रत्येक वेळी काच आणि कागद घेऊन. "दूर हो, मेल्या" वाचता आलं की जोड. मॅनेजर कुरकुरले, तरी पहिल्या चार खुर्च्यांवर स्वतः आपटून बसून बघितल्यावर गप्प झाले. हंगाम सुरू झाला. माणसं बसली, पोरं नाचली, रागावलेले प्रेक्षक ताडकन उठून गेले. मास्तर रोज सकाळी रांगारांगांतून नख फिरवत हिंडायचे. कुठेच कड सुटली नाही.

मग चुना झाला, गादी आली, डबा गेला. खोलीची दारंखिडक्या रात्रंदिवस सताड उघडी. वहिनींचा विश्वास बसेना. "आधी येऊन बघते, मग बोचकं बांधते," असं त्यांनी कळवलं, आणि एका दुपारच्या प्रयोगाला त्या आल्या. बसमधून उतरल्याबरोबर, भर रस्त्यात, त्यांनी मास्तरांचा हात ओढून नाकाशी नेला.

"अहो, हात धुतलेत की बदललेत?"

मी विंगेतून बघत होते. तिसऱ्या रांगेत दोघं शेजारी शेजारी बसली, मध्ये वारा नाही, मी नाही, पेले नाहीत. मास्तर असे ताठ बसले होते की जणू त्यांचीच पहिली एंट्री आहे. मग दिवे गेले, आणि मला माझं काम होतं.

त्याच संध्याकाळी आमची कंपनी लांबच्या दौऱ्यावर निघाली. परत आलो तेव्हा नाट्यगृह पाडायला काढलं होतं. मास्तर आणि वहिनी खोली सोडून गेले होते. "दोघं बरोबर गेली," एवढंच मॅनेजरना सांगता आलं, कुठे ते माहीत नव्हतं. मला अजूनही कुठल्या अनोळखी गावात लांब बाक दिसलं की मी दोन्ही टोकांकडे बघते.

माझ्याजवळ त्यांचं शेवटचं बोलणं आहे ते त्या दुपारचं. प्रयोग संपला, वहिनी अंगणात पाणी पीत होत्या, आणि मास्तर रंगपटाच्या दाराशी येऊन घुटमळत उभे होते. मी तोंडावरचा रंग पुसत विचारलं, "काय मास्तर, कसं वाटलं आमचं नाटक?"

"बाई, दिवे गेले आणि ती म्हणाली, अहो, वासच येत नाही, शेजारी तुम्हीच आहात ना? आणि हात धरला. अंधार होता तोवर सोडला नाही हो तिने. नाटकाचं तेवढं मला विचारू नका."