कापलेल्या कडांची किंमत

माझ्या वहिनीला खोटं बोलणं परवडत नाही. जुनी कार्डं ऑनलाइन लिलावात विकणं हा तिचा धंदा, आणि तिथे एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी बोली लावत नाही. म्हणून वर्णन लिहिताना ती आधी दोष लिहिते आणि जागा उरली तर गुण. दादाबद्दलही ती याच क्रमाने बोलते.

कार्डं म्हणजे आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघायची ती. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची माहिती. आता टक्कल पडलेले लोक ती शोधत फिरतात. वहिनी आधी औषधाच्या दुकानात होती. ते बंद पडल्यावर तिने स्वतःच्या मुलाची टाकून दिलेली कार्डं विकून पाहिली आणि त्यातच रमली. लोक खोकी घेऊन येतात आणि येतानाच डोक्यात आकडा घेऊन येतात, कारण तसल्याच कार्डाला कुणीतरी कुठेतरी लाख मागितलेले असतात. "मागायला काय जातं?" ती मला म्हणते. "मी तुमच्या दादांचेही लाख मागीन, भाऊजी. देणारा दाखवा." ती फक्त संपलेले लिलाव बघते, खरोखर मोजलेले पैसे बघते. त्यातला सगळ्यात मोठा आकडाही सोडून देते, कारण तो बहुधा दोन हट्टी माणसांच्या भांडणाचा असतो. मग भिंग घेऊन कोपरे तपासते. कितीतरी कार्डांना पाठवणीचा खर्चच जास्त येतो; नाकापेक्षा मोती जड. तीही ती तोंडावर सांगून परत करते.

आमच्या बाबांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. ते बुकबाइंडर. जन्मभर पुस्तकं बांधली, हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं आणि दादाकडे राहायला आले. दात कोरून पोट भरत नाही, असं ते सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायचे. त्यातच मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून बजावलं, तर बाबांनी मुलांच्या पैशाने करायला साफ नकार दिला. आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता डोळ्यासाठी पसरणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही समजावलं, चिडलो, अबोला धरून पाहिला. बाबा वर्तमानपत्र नाकाला लावून पानं उलटत राहिले, आपल्याला दिसतंय हे आम्हाला दिसावं म्हणून. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

मग एका दुपारी त्यांनी वहिनीपुढे एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. माझी लहानपणची कार्डं. "याने टाकली, मी ठेवली. म्हणजे माझी," ते म्हणाले. "विकून दे. यातून डोळा होऊ दे."

वहिनी खिडकीशी बसली आणि तिचा चेहरा उजळत गेला. इतकी जुनी कार्डं, आणि कोपरे सुईसारखे. त्यात एका मोठ्या खेळाडूचं अगदी पहिलं कार्ड. संपलेले लिलाव बघून तिने आकडा काढला; दोन्ही डोळे होऊन वर चष्मा आला असता. मग तिचं भिंग एका कडेशी अडलं. तिने स्वतःकडचं त्याच मालिकेतलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि आमचं त्यावर बरोबर मधोमध ठेवलं. खालच्या कार्डाची बारीक रेघ चारही बाजूंनी डोकावत होती. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. तेच.

"भाऊजी, ही कुणी कापली?"

मला आठवलं. मी आजारी होतो, कार्डं उशाखाली घेऊन झोपायचो. त्यांच्या कडा पिंजल्या म्हणून मी भोकाड पसरलं होतं. बाबा ती दुकानात घेऊन गेले, कटिंग मशीनवर चारही बाजू केसभर छाटल्या आणि संध्याकाळी कोरी करकरीत कार्डं माझ्या हातात दिली. असा बाप जगात कुणाचा नाही असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण संग्राहकांच्या लेखी कापलेलं, मूळ माप गेलेलं कार्ड म्हणजे जवळजवळ कचरा.

दादाने सुचवलं की आपणच पैसे घालू आणि विकली म्हणून सांगू. मलाही पटलं. वहिनीला नाही. "घरातल्या माणसाला फसवलं, तर बाहेरच्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" ती म्हणाली, आणि चहाचा कप पुढे ठेवून तिने बाबांना सरळ सांगून टाकलं.

बाबा बराच वेळ कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे नीट केली म्हणून बिघडली," ते म्हणाले. चहा तसाच राहिला. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

वहिनी मात्र उठली नाही. "बाबा, हिशेब अजून पुरा झालेला नाही. न कापता एवढे आले असते. आता एवढेच येतील. मधले कुठे गेले?"

"माझ्या हाताने गेले."

"हात तुमचा. पण खर्च कुणावर झाले? भाऊजी रडत होते म्हणून तुम्ही कापलीत. तेव्हाच उडवले यांनी ते पैसे."

बाबांनी मान वळवली आणि त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, मीच उडवले. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन. बाबांनी कप पुढे ओढला. मग थंडगार चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"व्याज सोडतो," ते म्हणाले.

कार्डं लिलावात लागली. सर्व कार्डांच्या कडा कापलेल्या आहेत, असं वहिनीने पहिल्याच ओळीत लिहिलं. त्यापुढे 'काटकोनात' असं बाबांनी तिच्याकडून लिहून घेतलं. वहिनीने सांगितले होते तेवढेच पैसे आले, बाबांनी ते मोजून खिशात घातले.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांनी ते काउंटरवर ठेवले आणि उरलेले मी काढले. काउंटरवरच्या मुलीने कौतुकाने विचारलं, मुलगा भरतोय का? बाबांनी मला कोपराने बाजूला सारलं आणि खिडकीत वाकले.

"सगळे माझेच आहेत," ते म्हणाले. "थोडे याच्याकडे ठेवले होते."