उंदराचे लाडू

नात बिस्किटांचा चुरा सायीत मळून लाडू वळत होती. भाजणं नाही, तळणं नाही. चॉकलेटात बुडवलेला एक लाडू तिनं माझ्यापुढे धरला.

"आजी, आ कर!"

तो काळपट गोळा पाहून मी दचकले.

लहानपणी गावी, बोरी अरबला, आईनं कणकेत गूळ कालवून असेच कच्चे लाडू वळले होते. मी एक तोंडात टाकला. तिनं अशी थोबाडीत मारली की लाडू भिंतीवर जाऊन आदळला.

"थुक, भवाने! उंदराचं औषध हाय त्याच्यात!"

तोंडात बोटं घालून तिनं माझी जीभ खरवडली. मला राग एवढाच, की उंदरांना लाडू आणि मला मार. तो हात जरा उशिरा पडता, तर आज ही नात नसती.

मी आ केला, पण हात गालावर होता.